पन्नास-पंचावन्न एफपीएसच्या मशीनला व्हीआरआरवाला मॉनिटर घ्यावा का?

कपाशीवाला_दारव्हा
राम राम मंडळी.

दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. दिवसभर सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले. संध्याकाळी सातला शटर अर्धं खाली ओढलं की पुढचे दोन तास माझे. गल्लीतले चार-दोन पोट्टे येतात, आम्ही आळीपाळीनं गेम खेळतो.

मशीन अशी: रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६५० चार जीबी, सोळा जीबी रॅम, मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदा चित्र ताजं करणारा. नव्या ओपन वर्ल्ड गेममध्ये ४८ ते ५८ एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळतात. आकडा वाईट नाही, पण डोळ्याला सुख नाही. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावरच दाखवायची सेटिंग) बंद ठेवलं तर गाडी वळवताना रस्त्याकडेचा विजेचा खांब मधोमध कापला जातो. वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा बोटभर सरकलेला. व्ही-सिंक चालू केलं तर कापाकापी थांबते, पण गाडी अडखळत चालते, खाचखळग्यात चाक आदळल्यासारखी.

कापसाचा चुकारा आला आहे, त्यातून मॉनिटर घ्यायचं मनात आहे. दुकानदार म्हणतो, व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र ताजं करायचा वेग बदलता असलेला) घ्या, एफपीएस वाढतील. मित्र म्हणतो, ते १४४ एफपीएस मारणाऱ्यांचं काम, आपल्या मशीनला कायले? खरं काय? वापरणाऱ्यांनी सांगावं.

जिनिंग_हिंगणघाट
एफपीएस एकानंही वाढणार नाही. तो पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. विषय संपला.

संत्रा_वरुड
भाऊ मी मोबाइलवर बीजीएमआय खेळतो. १२० हर्ट्झ डिस्प्ले हाय, लोण्यासारखं चालते. पीसीवाल्यायले एवढा त्रास काऊन होते?

मिस्त्री_मेहकर
धागाकर्ते भाऊ, दुकानदार चुकीचं सांगतो आणि तुमचा मित्रही. आधी रोग समजून घ्या.

तुमचा ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे एसटी. सेकंदाला साठ गाड्या, दर १६.६७ मिलिसेकंदाला एक. प्रवासी असो नसो, गाडी सुटणारच. ग्राफिक्स कार्ड फ्रेम तयार करून स्टँडवर पाठवते, ती फ्रेम म्हणजे प्रवासी. आता समजा तुमची फ्रेम १८ मिलिसेकंदात तयार होते. ती स्टँडवर पोचेपर्यंत गाडी नुकतीच फाट्याच्या पुढं गेलेली. व्ही-सिंक चालू असेल तर ती गुपचूप पुढच्या गाडीची वाट पाहते, आणि मधल्या गाडीतून जुनंच चित्र पुन्हा दाखवलं जातं. तेच तुमचं अडखळणं. व्ही-सिंक बंद असेल तर प्रवासी चालत्या गाडीत उडी मारतो. मॉनिटर चित्र वरून खाली काढत असतो, अर्धं काढून झालं आणि मध्येच नवी फ्रेम घुसली. वर जुनं, खाली नवं. तुमचा खांब तिथं कापला जातो.

व्हीआरआर म्हणजे काळीपिवळी. वेळापत्रक नाही. प्रवासी आला की गाडी निघाली. फ्रेम १८ मिलिसेकंदात आली तर मॉनिटर १८ ला ताजा होतो, २० लागले तर २० ला. कापणं नाही, अडखळणं नाही.

नागझिरा_काठ
मिस्त्री, आमच्या साकोलीकडची काळीपिवळी तर पंधरा सीट भरल्याशिवाय हालत नाही! असा मॉनिटर घेतला तर भाऊ सकाळी गेम लावून रात्री खेळतील.

मिस्त्री_मेहकर
@नागझिरा_काठ 😄 ही एका सीटची आहे हो. पण तुमच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आली. ड्रायव्हरही किती वेळ थांबेल याला हद्द असते. मॉनिटरच्या कागदावर ४८–७५ किंवा ४८–१४४ अशी रेंज लिहिलेली असते ना, तीच ती. ४८ म्हणजे जास्तीत जास्त पावणेएकवीस मिलिसेकंद थांबणार. त्यापुढं थांबत नाही.

जिनिंग_हिंगणघाट
मग भाऊचा गेम ४५ वर आला की काय? पुन्हा तेच ना? म्हणून म्हणतो, सेटिंग मीडियमवर आणा, सावल्या कमी करा, ६० पक्के मिळवा. फुकटात काम. मी तीन वर्षं तसंच खेळतो.

प्राची_वणी
जिनिंग दादांचा सल्ला चुकीचा नाही, पैसे नसतील तर तोच पहिला उपाय. त्यात एक भर: ६० पक्के मिळतच नसतील तर गेममध्ये ३० वर कुलूप लावा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोन रिफ्रेश टिकते, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद. हालचाल कमी गुळगुळीत, पण एकसारखी. ५५ एफपीएस ६० हर्ट्झवर व्ही-सिंकनं दाखवायचे तर सेकंदाच्या साठ जागांपैकी पाच जागी जुनी फ्रेम परत येते. म्हणजे सेकंदाला पाच झटके. आकडा ५५ असूनही डोळ्याला तो एकसारख्या ३० पेक्षा वाईट वाटू शकतो. डोळ्याला कमी वेग चालतो, वेगातला चढउतार नाही चालत.

पण जिनिंग दादा, ४५ चा प्रश्न सुटलेला आहे. त्याला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन म्हणतात, थोडक्यात एलएफसी. एफपीएस रेंजच्या खाली गेले की तीच फ्रेम दोनदा दाखवतात. ४५ एफपीएस असेल तर मॉनिटर ९० हर्ट्झवर चालतो, ४० असेल तर ८० वर. दोन्ही वेळा फ्रेम सारख्याच अंतरानं, त्यामुळं झटका नाही. मात्र त्यासाठी रेंजचा वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट हवा. ४८–७५ च्या मॉनिटरवर ४५ चे ९० करायला जागाच नाही, तिथं एलएफसी होत नाही. ४८–१४४ मध्ये आरामात होते.

म्हणून कपाशीवाले दादा, तुमच्या मित्राचं बरोबर उलटं आहे. ज्याला पक्के १४४ मिळतात त्याला व्हीआरआरची गरज कमी. तुमच्यासारख्या ४५ ते ६० मध्ये हेलकावे खाणाऱ्या मशीनलाच त्याचा खरा उपयोग. आणि १४४ चा मॉनिटर घ्यायचा तो १४४ एफपीएससाठी नाही, खालचा आकडा सांभाळण्यासाठी.

कपाशीवाला_दारव्हा
ताई, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी ७५ हर्ट्झवालाच स्वस्त म्हणून घ्यायला निघालो होतो!

तारवाला_कारंजा
एक शंका. मी लाइनवर काम करतो. आपली वीज ५० हर्ट्झची. गावात रात्री पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते. त्यानं मॉनिटरचे हर्ट्झ कमी-जास्त होतात का? आमच्याकडं एक पोरगा म्हणतो की लाइट डिम झाली की गेम अडकतो.

मिस्त्री_मेहकर
नाही भाऊ. नाव एकच, गोष्ट वेगळी. विजेची फ्रिक्वेन्सी साऱ्या ग्रीडची मिळून एक असते, ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मॉनिटर तिचं आधी डीसी करतो, मग आपल्या घड्याळावर चालतो. बहुतेक मॉनिटरवर मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असते, त्यामुळं थोड्या डिमनं त्याला फरक पडत नाही. पोराचा गेम अडकत असेल तर वायफायचा राउटर मान टाकत असेल, तो पाहा.

निवृत्त_मास्तर_आर्वी
नमस्कार. नातू दिवाळीला आला की हेच शब्द कानावर येतात, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. तारवाल्यांची शंका अगदीच अनाठायी नाही. पूर्वी टीव्हीचा ताल विजेच्या तालावरूनच ठरवला होता. आपल्याकडे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण, आणि ६२५ ओळी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथं ६०.

आमच्या घरी १९८६ साली कृष्णधवल टीव्ही आला. तेव्हा साऱ्या वाड्यात एकच. रविवारी अंगणात सतरंज्या टाकायचो. मागे एक बटन होतं, व्हर्टिकल होल्ड. ते बिघडलं की चित्र वरवर पळायला लागे आणि दोन चित्रांमधून एक काळा आडवा पट्टा फिरे. मी उठून बटन पिरगाळायचो, सारे ओरडायचे, “अजून थोडं, थोडं, बस!” तो काळा पट्टा काय होता, हे मला आजवर कळलं नाही. मंडळींपैकी कोणी सांगू शकेल का?

प्राची_वणी
सर, तुम्ही न कळत या धाग्याच्या गाभ्यालाच हात घातलात.

त्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीनं वरून खाली यायचा. तळाला पोचला की परत वर जायला त्याला वेळ लागे. तेवढा वेळ संकेत कोरा, म्हणजे काळा ठेवत. त्याला व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात. एरवी तो पडद्याबाहेर लपलेला असे, होल्ड बिघडला की चित्राबरोबर फिरताना दिसे. तुमचा काळा पट्टा तोच.

एलसीडीत झोत गेला, पण ती कोरी फट तशीच राहिली. व्हीआरआरची सगळी करामत त्या फटीत आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर एक चित्र वरून खाली सुमारे ७ मिलिसेकंदात काढतो. गेम ५० एफपीएसवर असला तरी काढायचा वेग तोच. त्यानंतर पुढची फ्रेम येईपर्यंत तो त्या फटीत थांबतो, फट लांबवतो. चित्र काढायचा वेग बदलत नाही, दोन चित्रांमधला विसावा बदलतो. म्हणूनच ५० एफपीएसवरही ६० हर्ट्झच्या साध्या मॉनिटरपेक्षा माउस हलवल्याचा परिणाम लवकर दिसतो. तिथं नुसतं चित्र काढायलाच १६ च्या वर मिलिसेकंद जातात.

निवृत्त_मास्तर_आर्वी
बेटा, चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. तो पट्टा पळताना डोळ्यासमोर आला. मनापासून आभार.

नागझिरा_काठ
मास्तर, आमच्याकडं अँटेनाला हात लावून उभं राहायची पाळी माझी असे. बटनाचं काम मोठ्या भावाकडं. अवांतराबद्दल क्षमस्व.

संत्रा_वरुड
मंग माझ्या मोबाइलात पण हेच व्हीआरआर हाय का? डब्यावर अडॅप्टिव्ह लिहेल हाय.

मिस्त्री_मेहकर
नाव भाऊबंदांचं, काम थोडं वेगळं. मोबाइलात मुख्य हेतू बॅटरी. तू व्हॉट्सअॅप वाचत बसला की डिस्प्ले ६० वर किंवा त्याखाली उतरतो, बोट फिरवलं की १२० वर चढतो. महागड्या एलटीपीओ पॅनेलचे फोन १ हर्ट्झपर्यंत उतरतात, बाकीचे ठरलेल्या पायऱ्यांवर उड्या मारतात. गेमच्या एकेका फ्रेमची वाट पाहणं हे पीसी आणि कन्सोलवालं काम. आणि डब्यावर २४० हर्ट्झ टच लिहिलं असेल तर तो बोट वाचायचा वेग आहे, चित्राचा नाही.

संत्रा_वरुड
आन पिंग २०० होते ते? व्हीआरआरनं जाईन का?

मिस्त्री_मेहकर
नाही रे राजा. ते नेटचं दुखणं, त्यासाठी टॉवरवालेच लागतील.

जिनिंग_हिंगणघाट
एलएफसीचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण दोन गोष्टींवर मी ठाम आहे. एक, निशाणेबाजीचे स्पर्धेचे गेम खेळणारे बरेच जण हे सगळं बंद ठेवून जेवढे जास्त एफपीएस मिळतील तेवढे घेतात, थोडं कापलेलं चालवून घेतात. दोन, माझ्या मावसभावानं व्हीए पॅनेलचा (पडद्याचा एक प्रकार) व्हीआरआर मॉनिटर घेतला. अंधाऱ्या गुहेचा सीन आला की पडदा थरथरतो, दिव्याची वात फडफडावी तसा. त्यानं शेवटी व्हीआरआर बंद केलं. मग पैसे कुठं गेले?

प्राची_वणी
दोन्ही बरोबर आहेत दादा. थरथरीचं कारण असं की पॅनेलचा उजेड वेगवेगळ्या हर्ट्झला किंचित वेगळा पडतो. एफपीएस वरखाली उड्या मारू लागले की गडद रंगात तो फरक दिसतो. व्हीए आणि ओएलईडी पॅनेलात जास्त, आयपीएसमध्ये सहसा कमी. म्हणून २४ इंची आयपीएस घ्या असंच मी सांगेन. मावसभावाला सांगा, गेमला ५५ वगैरेवर कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावून पाहा. उड्या कमी झाल्या की थरथरही कमी होते.

थोडा इतिहासही सांगते, कारण खरेदी करताना नावांनी गोंधळ होतो. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियानं ऑक्टोबर २०१३ मध्ये आपलं व्हीआरआर जी-सिंक नावानं आणलं, त्यात मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं सर्किट बसवावं लागे, त्यामुळं महाग. दाखवताना लंबकाचा एक डेमो ठेवला होता, एकच लंबक हलतोय, आणि फरक पाहणाऱ्याला लगेच कळत होता. जानेवारी २०१४ मध्ये दुसरी कार्ड कंपनी एएमडीनं आपलं फ्रीसिंक दाखवलं. लॅपटॉपच्या डिस्प्लेत बॅटरी वाचवायला ती फट लांबवायची सोय होतीच, तिचाच उपयोग. मे २०१४ मध्ये व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं हीच सोय अडॅप्टिव्ह-सिंक नावानं डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर जोडणीच्या १.२ए आवृत्तीत घेतली. सुरुवातीची काही वर्षं एनव्हिडियावाल्यांना फ्रीसिंक मॉनिटर चालत नव्हते. जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून जीटीएक्स १० मालिका आणि पुढच्या कार्डांना चालू लागले. तुमचं १६५० त्यात बसतं. म्हणजे फ्रीसिंक लिहिलेला स्वस्त मॉनिटरही चालेल, फक्त रेंज पाहून घ्या.

तारवाला_कारंजा
आणि भाऊ, सोबत यूपीएस घ्या. हे लाइनवाला म्हणून सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडं वीज जाते त्यापेक्षा परत येताना जास्त नुकसान करते.

कपाशीवाला_दारव्हा
मंडळी, नवव्या दिवशी परत आलो.

नागपूरला बर्डीत जाऊन २४ इंची आयपीएस, १४४ हर्ट्झ, रेंज ४८–१४४ असा मॉनिटर आणला. एसटीत मांडीवर धरून. घरी जोडला, आणि पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. खांब तसाच कापलेला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंकचा पर्यायच दिसेना. त्या रात्री खरंच वाईट वाटलं, चुकाऱ्याचे पैसे पाण्यात गेले म्हणून झोप नाही.

मिस्त्रींना निरोप केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, वायर कोणती? मी जुनी एचडीएमआयच लावली होती.

मिस्त्री_मेहकर
हे सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. एएमडीचं कार्ड असेल तर फ्रीसिंक बऱ्याच मॉनिटरवर एचडीएमआयवरही चालते. एनव्हिडियाच्या अशा कार्डाला आणि अशा मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचीच वायर पाहिजे. डब्यात नसेल तर वेगळी घ्या. दुसरं, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत फ्रीसिंक बरेचदा बंद असते, ते चालू करा. तिसरं, विंडोजमध्ये जाऊन १४४ निवडा, नाहीतर वर्षभर ६० वरच चालवत बसाल. असे दोघेजण मी पाहिले आहेत.

कपाशीवाला_दारव्हा
तिन्ही गोष्टी माझ्या चुकलेल्याच होत्या. यवतमाळहून वायर मागवली, मेनूत फ्रीसिंक चालू केलं, १४४ निवडलं.

मग पाहिलं ते सांगतो. मॉनिटरच्या मेनूत हर्ट्झचा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय आहे, ती लावली. गेम सुरू केला आणि तो आकडा हलायला लागला: ५३, ५१, ५७, ५४. गेमच्या एफपीएसच्या मागं मागं, वासरू गाईमागं चालावं तसा. बाजाराच्या चौकात एफपीएस ४६ वर आले, तेव्हा आकडा एकदम ९२ झाला. मी ओरडलोच, ताई म्हणाल्या तेच! मग त्याच वळणावर गेलो. गाडी वळवली, खांब डावीकडून उजवीकडे गेला. आख्खा. टोकापासून बुडापर्यंत एक. मी ते वळण सात-आठ वेळा घेतलं. पोट्टे म्हणाले, काका खेळा ना, नुसते खांब काय पाहता.

एक गोष्ट गेली नाही, ती पण सांगतो. नव्या गावात गाडी शिरली की क्षणभर थबकते. गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे.

प्राची_वणी
ते व्हीआरआरच्या हातात नाही. फ्रेमच शंभर मिलिसेकंद उशिरा आली तर मॉनिटर तरी काय दाखवणार? गेम एसएसडीवर हलवा. आणि जुने हलके गेम खेळताना १४० वर कॅप ठेवा. एफपीएस १४४ च्या वर गेले की रेंज संपते आणि खांब पुन्हा कापायला लागतो.

जिनिंग_हिंगणघाट
कपाशीवाले, मनापासून अभिनंदन. ९२ चा आकडा वाचून मलाही पाहावंसं वाटते. पुढच्या महिन्यात पुसदला लग्नाला येतो आहे, वाटेत थांबलो तर चालेल का?

कपाशीवाला_दारव्हा
चालेल काय, जेवायलाच या दादा. तुमच्या मीडियम सेटिंगनं पण करून पाहू, ६० च्या वर किती जाते ते.

निवृत्त_मास्तर_आर्वी
नातवाला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलं, “आजोबा, तुम्हाला ब्लँकिंग माहीत आहे?” मी लिहिलं, आमच्या घरी ते पडद्यावर फिरत होतं.

संत्रा_वरुड
काका मी पण येऊ का? मोबाइल घरीच ठेवतो. मले तो खांब पाहाचा हाय.

कपाशीवाला_दारव्हा
ये रे. पण सातनंतर ये, त्याआधी पीक विम्याची गर्दी रायते.